पट्टीच्या पाठीवरचं वजन

थोरला मुलगा व्हरांड्यात उभा राहून गावाकडच्या चुलत्याला फोनवर सरपणाचं विचारत होता. ज्यांच्यासाठी हे सरपण लागणार होतं ते वडील आत वॉर्डात, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेले, चहात बिस्किट बुडवून खात होते.

झालं असं, की पहाटे रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "हार्ट फेल्युअर आहे." डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं, पुस्तकात आजाराचं नाव तेच आहे. पण आमच्या मराठवाड्यात 'हार्टफेल झालं' याचा अर्थ एकच, माणूस गेला. गल्लीतला कोणी रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही, तर त्याचं हार्टफेल झालं. मुलाला वाटलं, डॉक्टर शिकलेला माणूस आहे, बातमी हळूहळू फोडायलाय. वडील बसलेले दिसतात ते मशीनच्या जोरावर. त्यानं पाहुण्यांना फोन लावले. नवाच्या आत दोन जीप भरून माणसं आली, बायकांनी फाटकापासूनच गळा काढला, आणि वॉर्डातल्या मावशी धावत माझ्या खोलीत आल्या. "मॅडम, लवकर चला. जित्या माणसाला रडायलेत."

मी नांदेडच्या एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. राशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं, योजनेत केस बसते की नाही, बेवारस पेशंटचं गाव कोणतं, आणि जित्या माणसाला रडणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून परत कसं पाठवायचं, ही सगळी कामं माझ्या टेबलावर येतात. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तेव्हापासून आरोग्यमित्राच्या टेबलापुढची रांग पाहत आले आहे. या योजनेनं कितीतरी घरांच्या जमिनी वाचवल्या, यात मला शंका नाही. शिरेत फुगा घालून ब्लॉक काढायचा असेल, झडप बदलायची असेल, तर आता सावकाराच्या दारात जावं लागत नाही.

पण ज्याचं हृदय थकलंय त्याला एकदा दाखल करून भागत नाही. त्याला रोज चार-पाच गोळ्या लागतात, कमी मीठ लागतं, मोजून पाणी लागतं, आणि हे सगळं मरेपर्यंत. दाखल झालेल्या पेशंटच्या खर्चाला योजना आहे, घरी गेलेल्या पेशंटच्या मंगळवाराला आणि बुधवाराला योजना नाही. हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

"मॅडम, मरणार नाहीत तर मग फेल कामून म्हणले?" पाहुणे पांगल्यावर त्या मुलानं मला विचारलं. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

नांदेडहून लातूरला जायचं तर लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आहे. अहमदपूर दोन्ही गावांपासून जवळपास सारखंच लांब. तिथला माणूस आजारी पडला की ज्या बाजूची एस.टी. आधी लागेल त्या बाजूला जातो, असं मी गमतीनं म्हणायची. ती गंमत नव्हती, हे एका फोननं कळलं.

फोन लातूरच्या एका डॉक्टर मॅडमचा होता, आमच्या डॉक्टर सरांना. तो सरांनी स्पीकरवर टाकला म्हणून मी ऐकला. त्यांच्याकडं एक पेशंट आला होता. साठीचा, अहमदपूरच्या आडतीवर जन्मभर हमाली केलेला, हात-पाय गळून गेलेला, पिंढऱ्यांत गोळे. त्याच्या वायरच्या पिशवीत आमच्या दवाखान्याची फाईल निघाली, हैदराबादच्या एका दवाखान्याची फाईल निघाली, आणि अहमदपूरच्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी निघाली. तिन्हींत लघवीची गोळी होती, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन नावांनी. हे मामा इमानदार माणूस. तिन्ही डॉक्टरांचा मान ठेवून तिन्ही गोळ्या घ्यायचे.

सरांनी मला आमचं रजिस्टर काढायला सांगितलं. मामांच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'संपर्क तुटला'. लातूरच्या रजिस्टरात त्याच आठवड्यात नोंद होती, 'नवीन रुग्ण'. म्हणजे एकच माणूस आमच्या हिशेबात हरवला होता आणि त्यांच्या हिशेबात नव्यानं सापडला होता. तो मात्र हरवला नव्हताच. पिशवी घेऊन याच रस्त्यानं जा-ये करत होता.

दोन्ही गावांनी मिळून काहीतरी करायचं, हे त्या फोनवर ठरलं. सर हसत म्हणाले, "आपल्या दोन गावांचं आजवर कशावर एकमत झालंय का?" खरं होतं. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून झालेलं रणकंदन इकडच्या कुणीही विसरलेलं नाही. एका गावचं मेडिकल कॉलेज शंकरराव चव्हाणांच्या नावानं, दुसऱ्याचं विलासराव देशमुखांच्या. माजी मुख्यमंत्र्यांच्या दोन गावांनी एका हमालाची एक फाईल करायची, एवढाच मुद्दा होता. पण त्यासाठी पैसे लागणार होते, आणि पैशासाठी संशोधनाचा प्रस्ताव.

मी संशोधक नाही. प्रस्तावात माझं काम दोन गोष्टींपुरतं होतं: मराठी माहितीपत्रक, आणि माणसांवरच्या खर्चाचा अंदाज. दोन्ही वरवर किरकोळ होती आणि दोन्हींनी आमचा जीव खाल्ला.

संशोधनात सामील व्हायचं की नाही हे पेशंटनं समजून-उमजून ठरवायचं, त्याच्या भाषेत लिहिलेला कागद त्याला द्यायचा, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. इंग्रजी कागद एका भाषांतर करणाऱ्याकडं पाठवला. परत आला त्यात आजाराचं नाव होतं 'रक्ताधिक्ययुक्त हृदयविफलता'. सरांनी तो शब्द दोनदा वाचला आणि म्हणाले, यापेक्षा हार्टफेल बरं.

मग मी एक वही केली. महिनाभर ओ.पी.डी.त बसून लोक या आजाराला काय म्हणतात ते लिहून घेतलं. 'हार्ट वीक झालंय.' 'हार्ट वाढलंय.' 'पंपिंग तीस टक्क्यावर आलंय,' हे इको करून आलेले म्हणायचे, आणि तीस टक्के म्हणजे परीक्षेतले तीस टक्के असं धरून पस्तीसला पास होण्याची वाट पाहायचे. 'छातीत पाणी झालंय.' 'दमाच आहे, थंडीनं वाढलाय.' धर्माबाद-बिलोलीकडून येणाऱ्यांचे तेलुगू शब्द वेगळे, देगलूर नाक्यावरच्या मोहल्ल्यातल्या आजींचं 'साँस फूलता' वेगळं. एका बाईनं सांगितलेलं मी कधी विसरणार नाही: "उताणं झोपलं की कुणीतरी उरावर बसतंय, उठून बसलं की उतरतंय." तिच्या सासरच्यांनी वर्षभर त्याचा अर्थ भूतबाधा असा लावला होता आणि दोन ठिकाणी उतारे केले होते. पुस्तकात हेच लक्षण पहिल्या पानावर असतं.

तोडगा लातूरच्या सिस्टरनी काढला. बोअरची मोटार. मोटार चालू आहे, आवाज येतोय, पण पाणी वर चढत नाही; खालीच साचतंय. हे सांगितलं की आमच्याकडच्या शेतकऱ्याला पायावरची सूज आणि छातीतलं पाणी दोन्ही एका दमात कळायचं. पण शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. चाकूरकडच्या एका म्हाताऱ्यानं लगेच विचारलं, "मोटार जळालीय, का व्होल्टेज कमी पडायलंय, का व्हॉल्व्ह लीक हाय?"

सर खुर्चीत पुढं सरकून बसले. त्यांना विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं ते म्हाताऱ्यानं तीन शब्दांत विचारलं होतं. हृदयाच्या स्वतःच्या शिरा तुंबल्या की पुरवठा कमी पडतो. आपल्या देशात हे कारण सगळ्यात पुढं आहे. वर्षानुवर्षं वाढलेलं ब्लडप्रेशर मोटारीवर जास्तीचा भार टाकतं. लहानपणी घशाचा संसर्ग होऊन सांधे धरलेल्या मुलींची झडप विशी-पंचविशीत लीक होते किंवा आकसते; ज्यांना तेव्हा दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळत राहिलं त्यांची बरीचशी वाचते. दारूनं स्नायू ढिला पडतो. बाळंतपणाच्या आगेमागे एखाद्या बाईचं धडधाकट हृदय अचानक थकतं, कधी पूर्ववत होतं, कधी नाही. नाव सगळ्यांचं एकच, पण कारण ओळखलं नाही तर प्रतिबंध कशाचा करणार?

आमच्या माहितीपत्रकात शेवटी 'हृदय थकण्याचा आजार' असं गेलं आणि खाली मोटारीचं चित्र. नैतिकता समितीतल्या एका सदस्यांना चित्र पोरकट वाटलं. ते राहिलं मात्र.

पैशाची गोष्ट याहून अवघड. सरांनी मला प्रस्ताव समजावा म्हणून काही कागद वाचून दाखवले होते. 2017 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये सोळा देशांतल्या 5,823 पेशंटचा एक अभ्यास आला. वर्षभरात किती दगावले? आफ्रिकेत 34 टक्के, भारतात 23, चीनमध्ये 7. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पैशावर राष्ट्रीय नोंदणी झाली. 53 रुग्णालयं, 10,851 पेशंट, सरासरी वय साठच्या आसपास. पाश्चात्य देशांत हा आजार सत्तरी ओलांडलेल्यांचा, आपल्याकडं कमावत्या माणसाचा. नव्वद दिवसांत 14.2 टक्के गेले. आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्यांनाही पुस्तकात सांगितलेली सगळी औषधं मिळत नव्हती. कमी शिकलेल्यांत मृत्यू जास्त होते.

मला आकड्यांतलं फार कळत नाही, पण नव्वद दिवस म्हणजे काय ते कळतं. नव्वद दिवस म्हणजे डिस्चार्ज कार्ड घेऊन माणूस घरी गेला, पहिल्या महिन्याच्या गोळ्या संपल्या, 'आता बरं वाटतंय' म्हणून दुसऱ्या महिन्याच्या आणल्या नाहीत, मधे पोळा किंवा माळेगावची जत्रा आली, आणि एका रात्री दम भरून आला.

या आजारावरच्या गोळ्यांची कहाणी मी ओ.पी.डी.च्या खिडकीतून पाहिली आहे. स्पायरोनोलॅक्टोन नावाची स्वस्त जुनी गोळी, 1999 मधल्या अभ्यासात तिनं मृत्यू तीस टक्क्यांनी कमी केले. मग महागड्या गोळ्या आल्या. सर चिठ्ठीवर लिहायचे आणि माझ्याकडं पाहायचे, कारण पुढचा प्रश्न माझा असायचा: आणणार कुठून? पण एकेका गोळीचं पेटंट संपत गेलं. डापाग्लिफ्लोझिनचं 2020 मध्ये, सॅक्युबिट्रिल-वालसार्टनचं 2023 च्या सुरुवातीला, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. प्रत्येक वेळी पंधरा दिवसांत दवाखान्यासमोरच्या मेडिकलवाल्यांच्या मांडणीवर नवनवीन नावांच्या पट्ट्या दिसू लागायच्या आणि किंमत धपकन खाली. ज्या गोळीसाठी कोणे काळी मी ट्रस्टकडं पत्रं लिहिली ती आता रोजंदारीवाल्यालाही ओढूनताणून परवडते.

गोळी चालते की नाही, हे शोधायला कंपनी पैसे घालते, कारण तिला ती विकायची असते. यात वाईट काही नाही. हजारो पेशंटचे मोठमोठे अभ्यास त्याशिवाय झाले नसते. पण स्वस्त झालेली गोळी मुखेडच्या वाडीवर पोचते का, आणि पोचली तर रोज पोटात जाते का, हे शोधण्यात कुणाचा फायदा? तो पैसा सरकारनं किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेनंच घालायचा असतो.

प्रस्तावाच्या खर्चात ठरलेली खाती असतात: मनुष्यबळ, उपकरणं, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा वाटा. मी मनुष्यबळात दोन फिरत्या कार्यकर्त्या लिहिल्या, एक नांदेडला, एक लातूरला, आणि त्यांचं एस.टी.चं भाडं. उपकरणांत लिहिलं: वजनकाटे, घरी ठेवायचे, प्रत्येक पेशंटला एक. तरुण डॉक्टरांना रक्ताच्या एका तपासणीचे किट हवे होते. छातीत दम हृदयाचा की फुप्फुसाचा ते त्यावरून कळतं. हवेच होते. पण किटचा आकडा लिहिला की काट्यांना जागा उरेना.

काटा कशाला, हे सांगते. थकलेल्या हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साचू लागलं की सुजेच्या, दमाच्या आधी वजन बोलतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते मटणानं वाढलेलं नसतं. त्या दिवशी फोन केला, लघवीच्या गोळीत फेरफार केला, तर दाखल व्हावं लागत नाही. ज्या घरात काटा नाही तिथं हे कळतं ते रात्री दोन वाजता, उरावर कुणीतरी बसल्यावर.

पहिला प्रस्ताव परत आला. कुठून, ते सांगायचं कारण नाही. परीक्षकांचा शेरा होता, 'यात नावीन्य काय?' दुसरा शेरा होता, 'वजनकाटे ही नित्याची सेवा आहे, संशोधन नव्हे.' सर दोन दिवस बोलले नाहीत. मला राग आला तो शेऱ्याचा नव्हता. शेरा त्यांच्या चौकटीत बरोबरच असेल. नित्याची सेवा म्हणजे जी नित्य मिळते ती, असं आपलं मला वाटायचं.

त्या दिवसांत लातूरच्या डॉक्टर मॅडमनी मला फ्रॅमिंगहॅमची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं हे गाव, 1948 साली लोकवस्ती सुमारे अठ्ठावीस हजार, म्हणजे आपल्या आजच्या अहमदपूरपेक्षा लहान. तिथल्या 5,209 माणसांना सरकारी पैशावर दर दोन वर्षांनी तपासत राहिले. ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी संबंध जगाला तिथून कळला. हृदय थकलंय हे ओळखायचे निकषही 1971 मध्ये त्याच गावच्या नोंदींतून निघाले. आणि त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं होतं, आता पुरे, पैसे बंद. बोस्टन विद्यापीठामार्फत देणग्या गोळा करून काम तगवलं. "वीस वर्षं जगाला उपयोगी पडलेल्या कामाला हे ऐकावं लागलं," मॅडम म्हणाल्या, "आपलं काय घेऊन बसलात."

मला जास्त धीर आला तो त्रिवेंद्रमच्या नोंदणीनं. 2013 मध्ये त्या एका जिल्ह्यातली अठरा रुग्णालयं, सरकारी, खाजगी, शहरातली, खेड्यातली, एकाच नमुन्यात लिहायला तयार झाली. 1,205 पेशंट. पाच वर्षं मागं लागून राहिले, तेव्हा कळलं की निम्म्याहून अधिक गेले. आकडा भयंकर आहे. पण तो मिळाला, कारण कुणीतरी पाच वर्षं फोन करत होतं. अशा अभ्यासांच्या शेवटी डॉक्टरांची नावं छापलेली असतात. तो फोन करणारी कोण होती, तिचा करार दर सहा महिन्यांनी वाढवावा लागत होता का, हे मला विचारायचं आहे.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'नं गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळं वाचवली, ते 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. एकोणचाळीस गावं. तेही घरी जाणाऱ्या बाईचंच काम होतं. हे मी दुसऱ्या प्रस्तावात घालायला लावलं. नावीन्य विचारतात तर म्हटलं सांगा, नावीन्य हे की बाई घरी जाईल.

दुसऱ्यांदा पैसे मिळाले. मागितले त्याच्या निम्म्याहून कमी, एका वर्षासाठी. काटे उडाले होते. एक कार्यकर्ती उरली होती, दोन जिल्ह्यांत मिळून.

यानंतरचे सहा महिने संशोधनात गेले नाहीत, कागदांत गेले. दोन संस्था म्हणजे दोन नैतिकता समित्या. एकीची बैठक झाली की दुसरीची पुढं ढकललेली. दोन संस्थांमधला करारनामा बाँडवर करायचा, तर सही कुणाची आधी यावर पंधरवडा. बँकेत स्वतंत्र खातं उघडायचं. पहिला हप्ता आला तो डिसेंबरच्या शेवटी, आणि 31 मार्चच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. आमच्या कार्यकर्तीला चार महिने पगार नव्हता. ती कंधार तालुक्यातली, डी.एम.एल.टी. झालेली पोरगी, लोह्याला मावशीकडं राहून दोन्हीकडं जायची. एकदा मी तिला उसने पैसे देऊ केले. म्हणाली, "राहू द्या मॅडम, पासाचे हायेत." तिच्या पासाची मुदत कधी संपते हे मला पाठ झालं होतं.

एक सिम कार्ड घेतलं. तो नंबर दोन्ही गावांच्या डिस्चार्ज कार्डावर छापला. आणि एकच वही, दोन रंगांच्या शाईची: निळी नांदेडची, लाल लातूरची. रोज संध्याकाळी फोटो काढून इकडून तिकडं पाठवायचा. पुढं ती संगणकावर गेली, पण आम्ही तिला वहीच म्हणत राहिलो. पहिल्याच महिन्यात निळ्या नावासमोर लाल शाई दिसायला लागली. 'संपर्क तुटला' लिहिण्याआधी पलीकडं विचारायची सवय लागली.

फोनवर काय कळलं ते कुठल्या रकान्यात बसवायचं हा रोजचा प्रश्न. दिवाळीनंतर मुखेड-कंधारकडची माणसं ऊसतोडीला जातात, फोन लागत नाहीत, लागला तर मागं ट्रॅक्टरचा आवाज आणि "कोयत्यावर हाव मॅडम, पाडव्याला येताव." पंपिंग पस्तीस टक्के असलेला माणूस ऊस तोडतोय. त्याला नको म्हणायचं, तर उचल घेतलेली. एका बाळंतिणीचा नंबर तिच्या नवऱ्याचा होता, तो दिवसा कामावर. तिच्याशी बोलायचं तर रात्री आठनंतर, आणि सासू शेजारी बसलेली. दुसरं मूल आत्ता नको, हे तिला सांगायचं होतं. ते आम्ही सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "मला एक सून हाय, दुसरी कुठून आणू?" आणि विषय तिच्या बाजूनं संपला. असं उत्तर देणारा माणूस घरात असला की औषध निम्मं लागू पडतं.

मिठाचं कुणाला पटायचं नाही. ताटात वरून मीठ घेऊ नका म्हटलं की "घेतच नाही" म्हणायचे, आणि ठेचा, लोणचं, पापड, खारी शेंग यांत मीठ असतं हे मोजायचे नाहीत. पाण्याचं तर बोलूच नये. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा तिथल्या सिस्टर एका पेशंटला दिवसाला दीड लिटरच प्या असं बजावत होत्या. तो म्हणाला होता, "सिस्टर, तेवढं तरी देता का?" सिस्टर हे अजून सांगतात आणि अजून त्यांना हसावं की नाही कळत नाही.

आणि आमचे अहमदपूरचे मामा. काटे उडाल्याचं कळल्यावर आम्ही लोकांना सुचवायला लागलो, जिथं मिळेल तिथं वजन करा: राशन दुकानात, अंगणवाडीत, गिरणीत. मामांना सुचवावं लागलं नाही. जन्मभर पाठीवर पोती वाहिलेली, आडतीच्या काट्याशी त्यांचं जुनं नातं. रोज सकाळी बाजार भरण्याआधी जुन्या मालकाच्या काट्यावर उभे राहायचे, आणि आकडा सोयाबीनच्या पट्टीच्या पाठीवर लिहायचे. आडत्याची पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी हिशेबाची चिठ्ठी, त्यावर माल किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली ते असतं. मामा रद्दीतल्या पट्ट्या घ्यायचे. महिन्याअखेर आमच्या पोरीनं तो गठ्ठा आणला. पुढून भाव, मागून मामांचं वजन.

पहिल्यांदा आकडे पाहिले तेव्हा गोंधळच होता. आज एकसष्ट, उद्या बासष्ट पाचशे, परवा परत एकसष्ट. घाबरून फोन केला.

"मामा, हे वजन बरोबर आहे का?"

"कडता कापून सांगू का न कापता?"

पोत्यामागं व्यापारी जादा कापतात तो कडता. मी हसले, मग विचारलं, एवढी चढउतार कशी? थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाले, कधी फेटा असतो, कधी नसतो, हिवाळ्यात कांबळं असतं, आणि चप्पल टायरची हाय. सर म्हणाले, आपल्या अभ्यासाची सगळ्यात मोठी त्रुटी ही टायरची चप्पल आहे. तेव्हापासून मामांचं वजन फेटा, कांबळं आणि चप्पल काढून. बाजार बंद असला की नोंद नाही. तेवढे दिवस पट्टीवर फुली.

जुलैमध्ये, पेरण्या चालू असताना, तीन दिवसांत दोन किलो वाढले. मामांनीच फोन केला. काय खाल्लं विचारलं तर लेकीकडं गेले होते, पापड-लोणच्याचा पाहुणचार. लातूरच्या मॅडमनी गोळी वाढवली, लाल शाईत लिहिली, आम्ही निळ्या शाईत खूण केली. चौथ्या दिवशी वजन उतरलं. दाखल व्हावं लागलं नाही. कुठल्याही अहवालात ही गोष्ट एका शून्यानं येते: दाखल, शून्य वेळा.

वर्ष संपलं. मुदतवाढ मागितली आहे, उत्तर यायचंय. उपयोगिता प्रमाणपत्र गेलं, सुटे पैसे परत केले, खातं बंद झालं. आमची पोरगी लातूरला एका खाजगी लॅबमध्ये लागली. तिथं पगार वेळेवर होतो. वही माझ्या कपाटात आहे. सिम कार्ड प्रकल्पाच्या नावावर होतं, ते बंद करायचं पत्रही तयार आहे. मी ते अजून पुढं पाठवलेलं नाही. रिचार्ज एकदा सरांनी केला, एकदा डॉक्टर मॅडमनी, एकदा मी. हे नियमात बसतं का, कुणाला विचारलेलं नाही.

परवा सकाळी साडेसातला तो फोन वाजला. मी पोळ्या करत होते, हाताला पीठ.

"मॅडम, साठ आठशे."

"चप्पल?"

"काढून. कडता कापलेला न्हाई."

मी पिठाच्या हातानंच कॅलेंडरवर लिहून ठेवलं.